यानातली भांडी कोण घासतं?

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो आणि हौसेने विज्ञानकथा लिहितो. मंगळावरच्या वसाहतीवर एक दीर्घकथा लिहिली आहे, तिच्यातली कप्तान स्त्री आहे. कथा वाचून एक मैत्रीण म्हणाली, "ही बाई नाही, मिशी काढलेला पुरुष आहे." मग स्त्रीवादी विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा म्हणजे नक्की काय? काय वाचावं? आणि पुरुषाने ती लिहावी का?

उत्तर :

आधी त्या मैत्रिणीला चहा पाजा. इतकं नेमकं परीक्षण फुकटात मिळत नाही.

गेली बावीस-तेवीस वर्षं मी दिवाळी अंकांकडे येणाऱ्या विज्ञानकथा वाचून निवडून देते, जमेल तसं भाषांतर करते आणि शनिवारी संध्याकाळी पुण्यात पेरुगेटाजवळच्या एका खोलीत कथा वाचायला जमणाऱ्या दहा-बारा जणांना टोकत बसते. तुमची कथा मी वाचलेली नाही, पण तिची भावंडं खूप वाचली आहेत. वसाहतीत दोनशे माणसं असतात. ऑक्सिजनचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत दिलेला असतो. प्रकाशसंदेशाला पृथ्वीवर पोचायला किती मिनिटं लागतात तेही असतं. मग रात्र होते, कप्तान बाई जेवायला बसतात आणि समोर ताट येतं. कुठून येतं? कोणी वाढलं? उरलेलं खरकटं गेलं कुठे? दोनशे माणसांत एकही मूल नाही, कोणी आजारी नाही, कोणाची म्हातारी आई नाही. अशा कथेच्या समासात मी पेन्सिलीने एकच ओळ लिहिते : यानातली भांडी कोण घासतं?

लेखक चिडतात. एकाने उलट लिहून पाठवलं होतं, "रोबो घासतो." बरं. त्याच कथेत त्या रोबोचा आवाज बायकी होता, नाव मंजिरी होतं आणि नायक त्याला 'अगं' म्हणत होता. चारशे वर्षांनंतरचा काळ, आणि मोरी तिथल्या तिथे!

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ह्यातच आहे. कप्तानाच्या खुर्चीत बाई बसवली की कथा स्त्रीवादी होत नाही. पात्र बदलणं सोपं असतं. विज्ञानकथेत लेखकाच्या हातात त्याहून मोठी गोष्ट असते, जगाचे नियम. त्यातला एखादा नियम बदलायचा आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं ते बघायचं. बाकी व्याख्या पुष्कळ आहेत, मला त्यांचा फारसा उपयोग झालेला नाही.

आता वाचायचं काय. सुरुवात घराजवळून करा. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात रोकेया सखावत हुसेन ह्यांची 'सुलतानाचं स्वप्न' ही कथा आली. रोकेया बंगाली, तेव्हा राहायला भागलपूरला, स्वतः पडद्यात वाढलेल्या. कथेत पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या भागात, बंद आहेत आणि बायका राज्य चालवतात. एक विद्यापीठ ढगांतून थेट पाणी खेचणारा फुगा बनवतं, दुसरं सूर्याची उष्णता साठवतं. हे सगळे सांगतात. मला आवडतो तो स्वयंपाकघराचा प्रसंग. भाजीच्या मळ्यात एक लख्ख स्वयंपाकघर, ना धूर, ना धुरांडं, नळीतून येणाऱ्या उन्हावर अन्न शिजतं. आणि पाहुणी बघायला येणार म्हणून आतल्या पुरुषांना आधीच तिथून बाहेर काढलेलं आहे! आपल्याकडे परका पुरुष ओसरीवर आला की बायका माजघरात जायच्या, ते चित्र बाईंनी अलगद उलटं करून ठेवलंय. आणखी एक हिशेब बघा. दिवसभराचं कचेरीचं काम तुम्ही दोन तासांत कसं उरकता, असं सुलताना विचारते. तिला तिथे फिरवणारी सारा सांगते : पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतात, एकेक संपायला अर्धा तास, म्हणजे सहा तास नुसते धुरात गेले. वेळ कुठे जातो ह्याचा असा चोख ताळेबंद मी फार थोड्या विज्ञानकथांत पाहिलाय. रोकेयांच्या नवऱ्याने म्हणे ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि म्हणाला, "भयंकर सूड!" तो तिच्या लिहिण्याच्या बाजूचा होता, हेही सांगायला हवं.

मराठीत असं काही नव्हतं का? होतं. आपण विसरलो. काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ सालची. एक मुलगी फसवणुकीने संस्थानच्या मंदबुद्धी राजपुत्राच्या गळ्यात बांधली जाते, आणि रडत बसण्याऐवजी कारभार हातात घेऊन बायकांसाठी राज्याचे नियमच बदलते. यंत्र नाही, यान नाही, पण ही सरळसरळ कल्पनाराज्याची गोष्ट आहे. मीरा कोसंबींनी काशीबाईंवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे आमच्या पिढीतल्या अनेकींचं तिच्याकडे लक्ष गेलं, मीही त्यातलीच. अप्पा बळवंत चौकात ती मागितली की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग माळ्याकडे. ग्रंथालयातच शोधा.

मेरी शेलीचं 'फ्रॅन्केन्स्टाइन' (१८१८) तुम्ही वाचलेलं असेल, किंवा वाचल्यासारखं वाटत असेल. एक प्रसंग पुन्हा काढून वाचा. राक्षस आपल्यासाठी सोबतीण मागतो. त्याला घडवणारा व्हिक्टर कबूल होतो, ऑर्कनीच्या एका बेटावर जाऊन ती बनवायला घेतो, आणि अर्ध्यात त्याचे हात थांबतात. हा राक्षस माणसांपासून दूर जायचं वचन देऊन बसलाय खरा, पण तिने कुठे वचन दिलंय? ती घडायच्या आधी झालेला करार ती मानेलच कशावरून? ती त्याला नाकारील, ह्यांना मुलं होतील. ह्या भीतीने तो तिचे तुकडे करतो, आणि खिडकीतून राक्षस बघत असतो. बाई अजून श्वासही घेत नाही आणि तिच्या 'नाही'ची धास्ती आधीच बसलेली आहे. लिहिणारी मुलगी ही गोष्ट रचायला बसली तेव्हा अठरा वर्षांची होती.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा धंद्याचा विषय.

उर्सुला ली ग्विन ह्यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) मध्ये एका बर्फाळ ग्रहावरची माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले काही दिवस त्यांच्यात कामेच्छा जागी होते आणि तेव्हा कोण काय होईल ते आधी सांगता येत नाही. आज जो बाप, तो उद्या आई. त्यातलं 'राजा गरोदर होता' हे वाक्य जगभर गाजलं. पण बाईंनी ह्या सगळ्या माणसांसाठी इंग्रजीतलं पुल्लिंगी सर्वनाम वापरलं आणि त्यावर टीका झाली, की तुमची सगळी माणसं पुरुषच वाटतात. १९७६ च्या एका निबंधात त्यांनी स्वतःची बाजू मांडली, आणि पुढे १९८० च्या दशकात त्याच निबंधाला टिपा जोडून आपलं चुकलं ते मान्य केलं. त्याच ग्रहावरची एक जुनी कथा १९७५ साली संग्रहात घेताना त्यांनी राजाला राजाच ठेवलं आणि सर्वनाम मात्र स्त्रीलिंगी केलं.

आमच्या शनिवारसाठी मी ह्यातलं एक प्रकरण मराठीत करायला घेतलं. तीन आठवडे अडकून पडले. इंग्रजीत भानगड सर्वनामापुरती असते, मराठीत क्रियापदही चहाडी करतं. 'आला' म्हणा, 'आली' म्हणा, सुटका नाही. 'ते आलं' लिहावं तर मोठं माणूस लेकरू होऊन बसतं. 'ते आले' म्हटलं की आदरार्थी पुरुष उभा राहतो. कोकणीत तरुण मुलीला सर्रास 'तें' म्हणतात, तसा रस्ता आपल्याकडे नाही. मग हाताशी काय उरतं? 'राजा पहाटे उठे, दरबार भरवी' हा रीतिभूतकाळ चालतो, थोडा पोथीचा वास येतो इतकंच. भविष्यकाळ चालतो, 'येईन', 'करीन'. 'मला वाटलं', 'मला थंडी वाजली' हेही चालतं.

ह्यावरून मी गटात एक खेळ सुरू केला. प्रथमपुरुषात एक पान लिहायचं, निवेदक बाई आहे की बुवा हे कळता कामा नये. तुम्हीही करून बघा. पाचव्या ओळीला घाम फुटतो, पण एक गंमत हाताला लागते. 'मी दार उघडलं, पाणी भरलं, दिवा लावला, भाकरी केली' ह्यात निवेदक लपून राहतो, कारण क्रियापद दाराच्या, पाण्याच्या, दिव्याच्या, भाकरीच्या मागे जातं. 'मी आलो', 'मी बसले', 'मी जेवलो' म्हटलं की पकडला. 'मी चहा केला' मध्ये कळत नाही, 'मी चहा प्यायलो' मध्ये कळतं. अपवाद आहेत, 'भात खाल्ला' मध्ये खाणाराही लपतो, पण एकूण आपलं व्याकरण असं की काम करणारं माणूस अदृश्य राहतं आणि नुसतं येऊन बसणारं दिसतं. हे मी गटात मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हा एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "मग इथला चहा कोण करतं ते बघितलंस का?" बघितलं नव्हतं. आठ वर्षं दर शनिवारी आम्हा बायकांतल्याच दोघी उठत होत्या. मी दुसऱ्यांच्या यानातली भांडी मोजत होते.

त्यामुळे 'पुरुषाने लिहावी का' ह्या प्रश्नावर मी फार ताठ मान करून बोलू शकत नाही. लिहा. कोण लिहितंय हे नावावरून आणि शैलीवरून ओळखायला गेलेल्यांची फजितीच झालेली आहे. जेम्स टिप्ट्री ज्युनियर ह्या नावाने येणाऱ्या कथांबद्दल १९७५ साली विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्गने प्रस्तावनेत ठासून लिहिलं की ह्या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे. दोनएक वर्षांत सगळ्यांना कळलं की टिप्ट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन नावाच्या बाई. आपल्याकडची गोष्ट नेमकी उलटी आणि जास्त गोड आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप ह्या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती कागदावर उतरवली मंगला नारळीकरांनी, ज्या स्वतः गणिती होत्या. मराठी विज्ञानकथेच्या एका महत्त्वाच्या टप्प्याचं हस्तलिखित एका गणितज्ञ बाईच्या अक्षरातलं आहे, हे मी गटात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

तुम्हाला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडेल ती टिप्ट्रीचीच १९७३ सालची कथा. नावाचं मराठी साधारण 'पुरुषांना न दिसणाऱ्या बायका' असं होईल. युकातानच्या दलदलीत छोटं विमान पडतं. निवेदक पुरुष, अनुभवी, मदतीला तत्पर. बरोबर एक आई आणि तिची तरुण मुलगी. निवेदक सतत अंदाज बांधत राहतो की ह्या घाबरल्या असतील, हिला माझ्याबद्दल काहीतरी वाटत असेल. सगळे अंदाज साफ चुकतात. शेवटी परग्रहावरचे जीव येतात आणि ह्या दोघी त्यांना विनवतात की आम्हाला घेऊन जा. कुठे, ते माहीत नाही, तरी इथल्यापेक्षा बरं. निवेदकाला अखेरपर्यंत कळत नाही की ह्यांना कसला एवढा त्रास होता. कथा त्याच्या डोळ्यांनी सांगितलेली आहे आणि ती घडते त्याला न दिसणाऱ्या जागेत. हे पुरुष लेखकाला छान जमू शकतं. आपल्या न दिसण्याची गोष्ट आपणच लिहायची. बाईच्या मनात शिरून तिचं दुःख ओतप्रोत लिहिण्याच्या भरीला मात्र पडू नका. दरवर्षी असे दहा गठ्ठे येतात, त्यात बाई आरशासमोर उभी असते.

बाकीचं भराभर सांगते. ऑक्टेव्हिया बटलर वाचाच. 'ब्लडचाइल्ड' (१९८४) मध्ये परग्रहावर आसरा मिळाल्याची किंमत म्हणून माणसांना तिथल्या जीवांची अंडी पोटात वाढवावी लागतात, आणि हे पोर वाढवायचं काम मुलग्याच्या वाट्याला येतं. बाळंतपण म्हणजे शरीराचं काय होतं हे पुरुष वाचकाला एका बैठकीत कळतं. अ‍ॅटवुड वाचली असेल, 'द हँडमेड्स टेल'च्या मालिकेमुळे सगळ्यांनी वाचली. वंदना सिंग ह्यांच्या एका कथेत निवृत्त नवरा सकाळी पेपर वाचत बसलेला असतो आणि बायको सांगते, मला आता कळलं, मी एक ग्रह आहे. त्याला पहिली काळजी पडते ती लोक काय म्हणतील ह्याची. सदाशिव पेठेत घडलेली वाटते. मराठीत शुभदा गोगटे, मेघश्री दळवी ह्यांच्या विज्ञानकथा मिळवा.

मंजुळा पद्मनाभन ह्यांच्या 'एस्केप' (२००८) मध्ये बायका नष्ट केलेल्या देशात एकच मुलगी उरलेली आहे. हे 'कल्पित' वाटत असेल तर आठवा : गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली. कायदा करावा लागला, कारण गर्भजल तपासायचं तंत्र गल्लीत आलं आणि लोकांनी त्याला पहिला प्रश्न काय विचारला ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवं तंत्र जुन्या घरात शिरलं की काय होतं ह्याची कथा परग्रहावर न्यायची गरजच नव्हती. तरी आमच्याकडे तेव्हा रोबो आणि उडत्या तबकड्याच येत होत्या.

एक खड्डा दाखवून ठेवते. 'बाई' म्हणजे कुठली बाई? शार्लट पर्किन्स गिलमनच्या 'हरलँड' (१९१५) मध्ये फक्त बायकांचं स्वच्छ, शहाणं राज्य आहे, आणि थोडं खरवडलं की 'चांगल्या वाणाचीच' मुलं जन्मावीत असला विचार खालून वर येतो. आपल्याकडे हा खड्डा आणखी खोल, कारण जात. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. कर्वे रस्त्यावरच्या सुशिक्षित घरांतल्या बायकांनाही तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल, आपण नोकरीला बाहेर पडतो ते कोणाच्या जिवावर. तुमच्या मंगळावर कप्तान बाई आहेत, उत्तम. त्यांच्या घरच्या मावशी कुठल्या यानातून आल्या? त्यांना खिडकीची जागा मिळाली का?

अद्भुतकथेबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. ड्रॅगन आणि तलवारी बाहेरून आणण्याआधी घरात बघा. मुक्ताबाई तेराव्या शतकात म्हणून गेली :

मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी.

पुढे वांझेला मुलगा होतो, माशी व्याली तर तिची घार होते, आणि शेवटी हे सगळं बघून मुक्ताई हसते. त्याचा अध्यात्मातला अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत आणि तो खरा आहे. मी लिहिणाऱ्यांना त्या हसण्याकडे बघायला सांगते. जगाचा एकेक नियम मोडायचा आणि स्पष्टीकरण न देता हसायचं. आणि जनाबाई? 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी.' चक्र धरणाऱ्या हातात तिने सूप दिलं. दासीने पाहिलेलं स्वप्न हेच असणार, की कोणीतरी केर भरू लागावं. रोकेयांचं उन्हावर चालणारं स्वयंपाकघर आणि जनीचा केर भरणारा देव ह्यांत मला फार अंतर दिसत नाही. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ ह्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमा करून ठेवल्या आहेत. जात्यावर बसलेल्या बायकांनी सांगितलेली सीता ऐका. ती पोथीतल्या सीतेसारखी बोलत नाही.

तुमच्या कथेसाठी आता एवढंच करा. कप्तानाला तूर्त हात लावू नका. जिथे ताट समोर येतं ते पान काढा आणि ताटाच्या मागे मागे जा : कोणी रांधलं, कोण किती वाजता उठलं, पाणी कोणाच्या वाट्याचं वापरलं, कोणाची पाळी चुकली. पाळीचा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या, मंगळावर दोन्हींचा हिशेब ठेवावा लागेल. मी एकाला हे करायला लावलं तर त्याची कथा बारा पानांवरून चाळीसवर गेली आणि कप्तान सहाव्या पानानंतर परत आलाच नाही. ती कथा अंकात घेताना तिथल्या संपादकांनी 'विज्ञान कमी पडतंय' म्हणून स्वयंपाकघराची अकरा पानं काढून टाकली. माझं त्यांच्याशी भांडण झालं, पुढची दोन वर्षं त्यांचा फोन आला नाही. चालायचंच.

जमलं तर शनिवारी साडेपाचला या. छापील प्रत आणा, मोबाइलवरून वाचलेलं मला कळत नाही. जिना अंधारा आहे, डाव्या हाताचा कठडा धरून चढा. चहा आळीपाळीने होतो, नवीन माणसाची पाळी पहिली, आणि कप ज्याचा त्याने विसळायचा.